काठीचं दुसरं टोक

वरंध घाट उतरून महाडकडे येताना ज्या वाड्या लागतात, तिथल्या जुन्या माणसांना विचारलं की पूर्वी आंधळा माणूस गावात कसा फिरायचा, तर ती सांगतात, काठी धरून. पण ही काठी टेकायची नव्हती. तिचं एक टोक आंधळ्याच्या हातात आणि दुसरं एखाद्या पोराच्या हातात असायचं. पोरगं पुढे, म्हातारा मागे. चढ आला की पोरगं आपलं टोक वर उचलायचं, उतार आला की खाली दाबायचं, साकव आला की जागच्या जागी थांबायचं. म्हाताऱ्याला काठीतूनच सगळं कळायचं, बोलावं लागायचं नाही.

हात धरून का नेत नसत? कारण भातखाचराच्या बांधावरून दोन माणसं शेजारी शेजारी चालू शकत नाहीत. बांध जेमतेम वीतभर रुंद, एका बाजूला पाणी, दुसऱ्या बाजूला पुरुषभर खाली पुढचं खाचर. मागेपुढे चाललं तरच निभावतं, आणि मागेपुढे चालायचं तर दोघांच्या मध्ये काहीतरी ताठ हवं. दोरी चालत नाही, ती सैल पडते. बेटातून तोडलेला हातभर-दीड हात बांबू त्याला पुरायचा.

आज अंध माणसाच्या हातात जी पांढरी घडीची काठी दिसते, तिचा वंश शोधायला लोक थेट युरोपात जातात. तिथे जावं लागतंच, पण आपल्याकडची सुरुवात या दोघांनी धरलेल्या बांबूपासून करायला हवी असं मला वाटतं. काठीचं दुसरं टोक कोणाच्या हातात, हा प्रश्न तिथे पहिल्यांदा पडतो आणि पुढच्या शंभर वर्षांत तो सुटलेला नाही.

त्या काळी दृष्टी जाण्याचं एक मोठं कारण देवी. घरात देवी येऊन गेल्या की जे पोर वाचे त्याच्या तोंडावर वण राहत, आणि कधी डोळ्यात फूल पडे. भारतात देवीचा शेवटचा रुग्ण १९७५ साली सापडला आणि १९७७ मध्ये देश देवीमुक्त जाहीर झाला. म्हणजे देवीने डोळे नेलेली माणसं आज पन्नाशीच्या आसपास किंवा त्यापुढची आहेत, आणि त्यांच्यानंतर त्या कारणाने कोणी आंधळं झालेलं नाही. एवढी मोठी गोष्ट आपल्या हयातीत घडली, तिची आठवणही आता कोणी काढत नाही.

आंधळा माणूस गावाच्या नजरेसमोर होता हे खरं. एकनाथांच्या भारुडांत आंधळा, पांगळा, बहिरा, मुका अशी सोंगं आहेत, आणि काठी चाचपत आलेलं आंधळ्याचं सोंग पाहिलेली माणसं कोकणात घरोघरी सापडतील. वऱ्हाडात माधान गावचे गुलाबराव महाराज तान्हेपणीच दृष्टी गेलेले. १८८१ ते १९१५ एवढंच आयुष्य, पण त्यात त्यांनी शंभराहून अधिक ग्रंथ रचले. लोकांनी त्यांना वाचून दाखवलं, त्यांनी सांगितलं ते उतरवून घेतलं. तिथेही दुसरं टोक कोणीतरी धरलेलंच होतं. गुलाबरावांच्या बुद्धीचं कौतुक सगळे करतात आणि ते योग्यच आहे. वाचून दाखवणाऱ्यांची नावं मात्र फारशी कोणी विचारत नाही.

आणि बांबू धरून पुढे चालणाऱ्या त्या पोराचं काय? घरात म्हातारा आंधळा असला की एक नातवंड त्याच्या वाटणीला जाई. बहुतेक वेळा ती मुलगी असे, कारण मुलग्याला गुरांमागे पाठवलेलं असे. तिची शाळा बुडे. तिच्या खेळायच्या वेळा म्हाताऱ्याच्या बाहेर जायच्या वेळांवर ठरत. कोणी तिच्यावर जुलूम करत होतं असं नाही. घराची रीतच तशी होती आणि आजोबांवर तिचा जीवही असे. पण एका माणसाच्या चालण्याची किंमत दुसऱ्या माणसाच्या बालपणातून वसूल होत होती. गावगाड्यातल्या जुन्या आपलेपणाबद्दल आपण गहिवरून बोलतो तेव्हा हा हिशोब मांडत नाही.

संस्था आल्या त्या मुंबईत. १८९९-१९००च्या मोठ्या दुष्काळात अनाथ झालेली अंध मुलं अमेरिकन मराठी मिशनच्या अ‍ॅना मिलार्ड यांच्याकडे आली आणि १९०० साली त्यांच्यासाठी शाळा उभी राहिली. पुढे ती दादरची अंधशाळा म्हणून ओळखली गेली आणि आज कमला मेहता यांच्या नावाने मुलींसाठी चालते. १९०२ मध्ये ताडदेवला व्हिक्टोरिया मेमोरियल अंधशाळा निघाली. ब्रेल, वेतकाम, संगीत असं तिथे शिकवत. महाड-पोलादपूरकडचं एखादं पोर तिथे पोचलं तर त्याचं आयुष्य बदलत असणार, यात शंका नाही. पण त्यासाठी त्याला गाव सोडावं लागे, आणि गावात राहिलेल्यांच्या हातात बांबूच होता.

आता युरोप. १९२१ साली इंग्लंडमधल्या ब्रिस्टल शहरात जेम्स बिग्ज नावाचा छायाचित्रकार होता. अपघातात त्याची दृष्टी गेली. घराभोवती मोटारींची वर्दळ वाढली होती आणि त्याला भीती वाटायची ती त्या मोटारींची. त्याने आपली हातातली काठी पांढऱ्या रंगाने रंगवली, समोरून येणाऱ्याला ती लांबून दिसावी म्हणून. दहा वर्षांनी, फेब्रुवारी १९३१ मध्ये, पॅरिसमध्ये गिली देर्बमाँ या बाईंनी पहिल्या पांढऱ्या काठ्या समारंभाने अंध माणसांच्या हाती दिल्या आणि मग स्वतःच्या पदरच्या पैशाने हजारो काठ्या वाटल्या. त्याच सुमारास अमेरिकेत पिओरिया गावी लायन्स क्लबचे जॉर्ज बोनहॅम यांनीही हेच सुचवलं, आणि १९३०च्या डिसेंबरमध्ये त्या गावाने पांढरी काठी हाती असलेल्या माणसाला रस्त्यावर आधी जाऊ द्यावं असा नियमच केला.

या तिघांची काठी मोटारवाल्यासाठी होती, हे लक्षात ठेवायला हवं. काठी तीच जुनी, आखूड, टेकायची. बदलला तो फक्त रंग, आणि रंग तर अंध माणसाला दिसत नाही. तो समोरच्याला सांगण्यासाठी होता की बाबा रे, मला दिसत नाही, तू थांब. म्हणजे काठीचं दुसरं टोक नातवंडाच्या हातातून निघालं आणि अनोळखी वाहनचालकाच्या हाती गेलं. हा फार मोठा बदल आहे. आप्ताच्या मायेवर चालणारी गोष्ट परक्याच्या कर्तव्यावर चालू लागली.

ते कर्तव्य आपल्याकडेही कागदावर आहे. शिकाऊ लायसन्ससाठी जी परीक्षा द्यावी लागते तिच्या प्रश्नांत एक प्रश्न असतो की पांढरी काठी घेतलेली अंध व्यक्ती रस्ता ओलांडत असेल तर चालकाने काय करावं. बरोबर उत्तर असं की ती काठी म्हणजे थांबण्याची वाहतूक खूण समजावी आणि गाडी थांबवावी. आपल्या भागातल्या गाड्यांवर एमएच-०६चा नंबर असतो, म्हणजे पेणच्या आरटीओचा. त्यातल्या बऱ्याच चालकांनी हा प्रश्न कधी ना कधी वाचला असेल. आता पोलादपूरला चौपदरी महामार्गाच्या कडेला पाच मिनिटं उभं राहावं. पांढरी काठी पाहून गाडी थांबल्याचं मी अजून पाहिलेलं नाही. हॉर्न मात्र ऐकला आहे, आणि मागेपुढे दोन्हीकडून हॉर्न वाजला की अंध माणसाला कोणती गाडी कुठून येते हे कळेनासं होतं. तो जागीच खिळतो. थांबवण्यासाठी शोधलेली काठी हातात घेऊन तोच थांबतो.

खरी उलथापालथ झाली ती १९४४च्या सुमारास, दुसऱ्या महायुद्धात. अमेरिकेत पेन्सिल्व्हेनियातल्या व्हॅली फोर्ज लष्करी रुग्णालयात डोळे गेलेले तरुण सैनिक येत होते. रिचर्ड हूव्हर हा तिथला सार्जंट आधी अंधशाळेत शिक्षक होता. ही पोरं टेकायच्या जड काठीला नाखूष होती, कारण त्यांचे पाय धडधाकट होते आणि टेकायची त्यांना गरजच नव्हती. हूव्हरने काठी लांब आणि हलकी केली. सरळ उभं राहिल्यावर जमिनीपासून छातीच्या मधल्या हाडापर्यंत पोचेल एवढी लांब. ती अंगासमोर मध्यभागी धरायची आणि मनगट हलवून खांद्याच्या रुंदीएवढी डावी-उजवीकडे फिरवायची. डावा पाय पुढे पडतो तेव्हा काठीचं टोक उजवीकडे टेकायचं, उजवा पडतो तेव्हा डावीकडे. असं केलं की पुढचं पाऊल जिथे पडणार ती जागा काठीने एक पाऊल आधीच तपासलेली असते. स्वतःच्या डोळ्यांवर पट्टी बांधून त्याने आणि सहकाऱ्यांनी हे चालून पाहिलं.

वाचायला सोपं वाटतं. करून पाहावं. पाय आणि मनगट उलट्या बाजूंना चालवणं दहा पावलांत चुकतं. मग खड्डा, पायरी, भिंत, भिजलेली माती, डांबर यांचा काठीतून येणारा आवाज आणि हाताला येणारा कंप ओळखायला शिकायचं. आवाजावरून उघडी जागा आणि भिंत यातला फरक कळायला लागायचा. रस्ता ओलांडायचा तर कधी, हेही शिकायचं. हे सगळं कोणीतरी सोबत राहून आठवडेच्या आठवडे शिकवावं लागतं, आणि शिकवणाऱ्याला ते स्वतःला आधी यावं लागतं. आपल्याकडे विशेष शिक्षणात याला चलनवलनाचं प्रशिक्षण म्हणतात. काठीच्या इतिहासातला सगळ्यात मोलाचा भाग हा आहे, आणि वाटपात नेमका तोच गळतो. हे माझं म्हणणं आहे आणि त्यासाठीच हा मागोवा.

भारतात तेच महायुद्ध देहरादूनला पोचलं होतं. डोळे गेलेल्या हिंदी सैनिकांसाठी १९४३ साली तिथे सेंट डन्स्टन्स वसतिगृह निघालं. सर क्लूथा मॅकेन्झी हे त्याचे प्रमुख, आणि तेही गॅलिपोलीच्या लढाईत दृष्टी गमावलेले. त्या रोपट्यातून पुढे दृष्टिहीनांसाठीची राष्ट्रीय संस्था वाढली. मुंबईत १९५२ साली नॅशनल असोसिएशन फॉर द ब्लाइंड, म्हणजे सगळे जिला नॅब म्हणतात ती, स्थापन झाली. १९५६ मध्ये लायन्स क्लब भारतात आला तोही मुंबईतच, आणि नेत्रशिबिरं, चष्मे, काठ्या हे काम त्याच्या नावाशी जोडलं गेलं. १९६४ पासून अमेरिकेत १५ ऑक्टोबर हा पांढऱ्या काठीचा दिवस ठरला. तो आता आपल्याकडेही पाळतात. १९८१ मध्ये केंद्र सरकारची साहाय्यक साधनं देण्याची योजना आली, आणि तेव्हापासून काठी सरकारी शिबिरात मिळू लागली. घडीची, अ‍ॅल्युमिनियमची, चार-पाच तुकड्यांची, आतून रबरी दोरी ओवलेली, खाली लाल पट्टा आणि टोकाला नायलॉनची टोपी.

शिबिराचा दिवस तालुक्याच्या गावाला असतो. मंडप, खुर्च्या, पाहुणे, यादीतलं नाव पुकारणं. काठी हातात पडते, फोटो निघतो, माणूस एसटीने घरी जातो. यादीत नाव यायला आधी दिव्यांगत्वाचा दाखला लागतो, आणि त्यासाठी बहुतेकांना अलिबागचं जिल्हा रुग्णालय गाठावं लागतं. महाडहून अलिबाग शंभर किलोमीटरच्या पलीकडे, वरंधच्या वरच्या वाडीतून तर आधी महाडच गाठायचं. एसटीत दिव्यांगाला ७५ टक्के सवलत आहे, सोबत्यालाही काही सवलत आहे. सोबत्याची सवलत ज्याने कोणी योजली त्याला ही गोष्ट नीट कळलेली होती, असं मला फार वाटतं. पण सवलतीचा सोबती आणायचा कुठून? घरातली तरुण पोरं मुंबईला, ठाण्याला, फार तर महाडच्या एमआयडीसीत. गणपतीला आणि शिमग्याला गाव भरतं, एरवी वाडीत म्हातारी माणसं एकमेकांना सांभाळतात. बांबूचं दुसरं टोक धरायला नातवंडच नाही. ते शाळेत जातंय, शिकतंय, यात आनंदच आहे. म्हणून तर म्हाताऱ्याला एकट्याने चालता येणं पूर्वी कधी नव्हतं एवढं आज गरजेचं झालंय.

आणि जमीन कोणती? हूव्हरची काठी रुग्णालयाच्या व्हरांड्यासाठी आणि शहराच्या फुटपाथसाठी घडली. इथे कातळ आहे, उखडलेली पाखाडी आहे, मुळं आहेत, शेण आहे, बांध आहे. नायलॉनचं टोक दोन दगडांच्या फटीत अडकतं आणि मूठ पोटात बसते. चिखलात टोक रुतलं की काढताना रबरी दोरी ताणते आणि काठीचे सांधे सुटतात. एक हंगाम झाला की दोरी सैल पडते, ती बदलून मिळत नाही, आणि काठी माळ्यावर जाते. मग लोक म्हणतात, दिली होती की काठी, वापरत नाहीत.

पावसाचं तर कोणी धरतच नाही. इथे वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. दृष्टी नसलेला माणूस निम्मा कानाने चालतो, आणि पत्र्यावर पाऊस सुरू झाला की त्याचे कान बंद होतात. ओढ्याचा आवाज वाढून जवळचा वाटू लागतो. पूर्वी डोक्यापासून पाठीवर इरलं असायचं, दोन्ही हात मोकळे राहायचे. इरली गेली, छत्री आली. छत्रीने एक हात घेतला, आणि तिच्या कापडावर आपटणाऱ्या थेंबांनी उरलेला आवाजही झाकला. शिबिरात काठीबरोबर एक साधा रेनकोट दिला तर निम्मं काम होईल. मी हे दोन-तीन ठिकाणी बोललो, आणि आता इथे लिहितो आहे.

२२ जुलै २०२१ या दिवशी तळियेची दरड कोसळली. वरंधजवळचं ते गाव, कितीतरी माणसं मातीखाली गेली. त्याच पावसात पोलादपूर तालुक्यातही दरडी पडल्या, महाड शहर पाण्यात गेलं, घाटरस्ता तुटला. त्या दुःखापुढे वाटेचं बोलणं लहान वाटेल, तरी ते बोलायला हवं. डोळस माणूस दरडीनंतर नवी वाट पाहून घेतो. ज्याने चाळीस वर्षं पावलं मोजून, चिंचेच्या मुळाला पाय लावून, विहिरीच्या आवाजावर वळून वाट पाठ केली आहे, त्याची वाट मात्र एका रात्रीत पुसली जाते. पुनर्वसनाच्या वसाहतीत एकसारखी घरं सरळ रांगेत येतात आणि हात लावून आपलं दार कोणतं हे ओळखायला काही खूण उरत नाही. अशा वेळी नव्या जागेची ओळख करून द्यायला महिनाभर कोणीतरी लागतं.

गावाने आपल्या परीने जे केलंय ते मात्र पाहण्यासारखं आहे. घाटाखालच्या एका वाडीत एका आजीच्या मागच्या दारापासून संडासापर्यंत कंबरेएवढ्या उंचीवर नायलॉनची दोरी बांधलेली आहे. बांबूचे खुंट, त्यावर दोरी. जिथे पायरी येते त्याच्या आधी दोरीला एक गाठ, जिथे वळण आहे तिथे दोन गाठी. सुनेने बांधली. कोणी शिकवलं नव्हतं. सून सांगते, आजींना सारखी हाक मारावी लागायची, त्यांनाच लाज वाटायची. आता त्या रात्रीही जातात. मी त्या दोरीवरून हात फिरवत डोळे मिटून गेलो. पहिली गाठ हाताला लागली आणि पाय आपोआप जपून पडला. त्याच आजींना शिबिरातली काठीही मिळालेली आहे. ती घडी करून देव्हाऱ्याशेजारी ठेवलेली होती, प्लास्टिकच्या पिशवीसकट.

काठी सुधारण्याचे प्रयत्न थांबलेले नाहीत. दिल्लीच्या आयआयटीत प्राध्यापक एम. बालकृष्णन यांच्या गटाने पांढऱ्या काठीच्या मुठीवर बसणारं यंत्र तयार केलं, २०१४ मध्ये ते स्मार्टकेन नावाने बाजारात आलं. ते ध्वनिलहरी सोडून तीन मीटरपर्यंतचा अडथळा टिपतं आणि मुठीत कंप होतो. साधी काठी जमिनीवरचं सांगते, हे यंत्र गुडघ्याच्या वरचं सांगतं, म्हणजे वाटेवर वाकलेली फांदी, उभ्या टेम्पोचा मागचा फळा. कोकणात ते उपयोगी पडेल. पण त्याच्याही खाली काठीच आहे, आणि ती फिरवता आली नाही तर मुठीतला कंप नुसता गोंधळ वाढवतो.

एक गोष्ट मात्र काठीच्याही आधी यायला हवी. २०१५ ते २०१९ या काळात झालेल्या राष्ट्रीय पाहणीत पन्नाशीपुढच्या अंध माणसांपैकी सुमारे ६६ टक्के माणसं मोतीबिंदूने अंध असल्याचं आढळलं. म्हणजे तिघांतल्या दोघांना काठी नको, शस्त्रक्रिया हवी. वाडीतला म्हातारा चाचपडायला लागला की ‘वय झालं’ म्हणून गप्प बसू नये, त्याला आधी महाडला डोळ्यांच्या डॉक्टरकडे न्यावं. काठी उरलेल्या तिसऱ्यासाठी.

त्या तिसऱ्यासाठी आधाराच्या जागा फार लांब नाहीत. पोलादपूरहून आंबेनळी घाट चढलं की महाबळेश्वर. तिथे भावेश भाटिया यांनी दृष्टी गेल्यावर मुंबईच्या नॅबमध्ये मेणबत्त्या करायला शिकून हातगाडीवरून त्या विकायला सुरुवात केली. त्यातून सनराइज कँडल्स उभी राहिली आणि अंध कामगारांच्या हाताला काम मिळालं. दुसऱ्या अंगाला मंडणगड तालुक्यात घराडीला स्नेहज्योती हे निवासी अंध विद्यालय आहे. खेड्यातल्या मुलांना खेड्यातच शिकवणारं, म्हणून मला ते जास्त जवळचं वाटतं. तिथली मुलं लाल मातीच्या, चढउताराच्या जमिनीवरच चालायला शिकतात. संजय गांधी निराधार योजनेचे पैसे तहसिलातून मंजूर होतात, ग्रामपंचायतीने आपल्या उत्पन्नातले ५ टक्के दिव्यांगांसाठी खर्च करायचे असतात. पुष्कळदा हे ५ टक्के धान्याच्या किंवा भांड्यांच्या वाटपात जातात.

तेच पैसे एका माणसावर खर्च करता येतील. तालुक्यात समग्र शिक्षा योजनेचे विशेष शिक्षक असतात. दृष्टिदोषाच्या विषयात शिकलेल्याला काठीचं चलनवलन अभ्यासातच शिकवलेलं असतं. त्याचं काम शाळेच्या मुलांपुरतं ठरलेलं आहे. मे महिन्याच्या सुट्टीत, पाऊस लागायच्या आधी, त्याला मानधन देऊन वाडीत आणावं. त्याने आधी बेटातला एक सरळ, हलका बांबू छातीच्या हाडापर्यंत मापून तोडून घ्यावा, पांढरा रंगवावा. बांबूच अशासाठी, की तो फटीत अडकला तर सहसा मोडत नाही आणि मोडलाच तर दुसरा मिळतो. मग घरापासून विहिरीपर्यंत, विहिरीपासून देवळापर्यंत, देवळापासून एसटीच्या थांब्यापर्यंत, रोज थोडी थोडी वाट. सोबत घरातल्या सुनेला किंवा शेजाऱ्यालाही शिकवावं, म्हणजे जूनमध्ये बांध फुटून वाट बदलली की ती पुन्हा दाखवायला गावातच कोणीतरी असेल. वरंधच्या पुढच्या ग्रामसभेत हा विषय घ्यावा, असं मी तिथल्या मंडळींना कळवलं आहे.